तालमीतला गोल, मैदानातला ठोसा

पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम. खंडोबा तालीम विरुद्ध बालगोपाल तालीम. उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम विरुद्ध... थांबा! ही नावं बाहेरगावच्या पाहुण्याला वाचून दाखवली तर तो म्हणेल, "वा, कुस्त्यांचं मैदान दिसतंय! पैलवान कोण कोण येणार आहेत?" आणि तुम्ही पोट धरून हसाल. कारण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की हे सगळे फुटबॉलचे संघ आहेत. सामना शाहू स्टेडियमवर असतो, भिंतीवर, झाडावर, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसलेली असतात आणि गोल झाला की पेठेत गुलाल उडतो.

पण पाहुण्याचं तरी काय चुकलं? तालीम म्हणजे आखाडा. तांबडी माती, हौद, जोर-बैठका, वस्तादांचा आवाज. त्या मातीत लाथ मारायला चेंडू कुठून आला? झालं असं, की कोल्हापूरच्या पेठांमध्ये तालीम ही फक्त व्यायामाची जागा कधीच नव्हती. पेठेतली पोरं तिथे जमायची, गणपती तिथलाच, भांडणतंटा मिटायचा तोही तिथेच. मग त्याच पोरांनी फुटबॉलचा संघ काढला, तर नाव आणखी कुठलं देणार? ज्या शहरात शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहून आल्यावर खासबागचं कुस्तीचं मैदान बांधून घेतलं आणि १९१२ साली ते पुरं झालं, त्याच शहरात तालमींची नावं अंगावर घालून लोक फुटबॉल खेळतात. कुस्तीनं फुटबॉलला दत्तक घेतलं म्हणा ना.

आता उलट प्रश्न. कुस्तीची तालीम फुटबॉलमध्ये उतरू शकते, तर फुटबॉल खेळणारा माणूस लढतीच्या खेळात उतरला तर काय होईल? समजा, कोल्हापूरजवळच्या हातकणंगल्याच्या शाळेच्या मैदानावर एक पोरगी झकास फुटबॉल खेळते. उद्या तिला वाटलं की आपण बॉक्सिंग शिकू, किंवा कुस्ती करू. तिला पुन्हा पहिलीपासून सुरुवात करावी लागेल का? की फुटबॉलमध्ये तिच्या अंगात जे मुरलंय, त्यातलं काही सोबत येईल?

या प्रश्नाचं उत्तर एका बाईनं स्वतःच्या अंगानंच देऊन ठेवलंय. ती आपल्याकडची नाही, पार आयर्लंडची आहे. पण गोष्ट अशी भारी आहे, की ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला जमणार नाही.

के. टेलर नावाचा मुलगा

डब्लिनच्या दक्षिणेला, समुद्रकाठी ब्रे नावाचं गाव आहे. तिथे १९८६ साली केटी टेलर जन्मली. वडील पीटर स्वतः बॉक्सर. घरात भाऊ, भावांच्या हातात ग्लोव्हज, मग हिच्याही हातात आले. शिकवायला वडीलच होते. अडचण एकच होती. तेव्हा आयर्लंडमध्ये मुलींच्या बॉक्सिंगच्या लढती होतच नव्हत्या. नियमातच बसत नव्हत्या.

मग केटीनं काय केलं? केस हेडगार्डखाली कोंबले आणि यादीत नाव लिहिलं, 'के. टेलर'. के म्हणजे केविन की केटी, कोण विचारतंय? समोरचा मुलगा आपण मुलाशीच लढतोय असं समजायचा. लढत संपून हेडगार्ड उतरलं, केस खांद्यावर पडले, की मग काय होत असेल याचं चित्र तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

३१ ऑक्टोबर २००१ या दिवशी डब्लिनच्या नॅशनल स्टेडियममध्ये आयर्लंडमधली मुलींची पहिली अधिकृत लढत झाली. त्या रिंगमध्ये केटी होती. वय वर्षं पंधरा. आता नाव लपवायचं कारण उरलं नव्हतं.

हे सगळं चालू असताना ती फुटबॉलही खेळत होती. आणि फावल्या वेळात, गंमत म्हणून नव्हे हं! लहानपणी मुलांच्या संघात खेळली, मोठेपणी आयर्लंडच्या महिला राष्ट्रीय संघात गेली आणि देशासाठी अकरा सामने खेळली. म्हणजे एकच मुलगी हिरवी जर्सी घालून मैदानात देशासाठी धावत होती आणि रिंगमध्ये २००६ पासून जागतिक अजिंक्यपदंही जिंकत होती. २००६, २००८, २०१०, २०१२, २०१४, अशी ओळीनं पाच! तुम्ही म्हणाल, हिला दोन शरीरं होती की काय?

ऑगस्ट २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ठरवलं की २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग असेल. तोवर ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग फक्त पुरुषांचं होतं. मग केटीनं फुटबॉलचे बूट बाजूला ठेवले आणि सगळा जीव ग्लोव्हजमध्ये ओतला.

लंडनला काय झालं ते सांगतो, पण आत्ताच नाही. आधी जरा तिच्या पायांकडे बघू.

ठोसा कुठून निघतो?

सोपा प्रश्न वाटतो ना? हातातून! मग एक प्रयोग करा. घरातला एखादा जुना चेंडू घ्या. खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, पाठ टेकवू नका आणि चेंडू जमेल तितक्या जोरात फेका. कुठवर गेला त्यावर खूण करा. आता त्याच जागी उभे राहा, एक पाय पुढे, एक मागे, आणि पुन्हा फेका. हात तोच, चेंडू तोच. पण दुसरी खूण पहिलीच्या कितीतरी पुढे पडेल.

पाय जमिनीवर नसले तर हाताला जोर येत नाही, कारण जोराची सुरुवात पायातच होते. तुम्ही जमिनीला मागे ढकलता, जमीन तुम्हाला तेवढ्याच जोरानं पुढे ढकलते. हा न्यूटनचा तिसरा नियम, पुढच्या इयत्तेत परीक्षेला येईल. जमिनीनं दिलेला तो जोर पायातून कंबरेत येतो, कंबर फिरते, तिच्यामागून खांदा फिरतो, मग कोपर सरळ होतं आणि शेवटी मूठ. चांगल्या बॉक्सरचा उजवा ठोसा पाहताना मुठीकडे बघूच नका. मागच्या पायाची टाच उचलून कशी वळते ते बघा. टाच वळली नाही तर तो ठोसा नुसता हाताचा, म्हणजे निम्म्या ताकदीचा.

आता फुटबॉलची किक आठवा. धावत येता, एक पाय चेंडूशेजारी घट्ट रोवता, कंबर फिरते, मांडी पुढे येते, मग गुडघा सरळ होतो आणि शेवटी पाऊल चेंडूवर आदळतं. क्रम ओळखीचा वाटला? जमीन, पाय, कंबर आणि मग शेवटचं टोक. ठोशात ते टोक म्हणजे मूठ, किकमध्ये पाऊल.

यात एक चमत्कार लपलेला आहे. किकच्या अखेरीस मांडीचा वेग कमी होतो. हो, कमी! चेंडूला लाथ बसायच्या आधीच मांडी मंदावते आणि तिचा वेग गुडघ्याखालच्या पायाला मिळतो. बैलगाडीवाल्याच्या आसुडाचं असंच असतं. मूठ झटक्यात थांबते, लाट दोरीतून पुढे सरकते आणि टोक इतकं वेगात जातं की 'फाट्' असा आवाज निघतो. तो आवाज आसूड कुठे आपटल्याचा नसतो, टोक हवेतच आवाजाच्या वेगाला मागे टाकतं त्याचा असतो. आपली पाऊलं आणि मुठी काही आवाजापेक्षा वेगानं जात नाहीत, पण युक्ती तीच. जाड, जड भागानं सुरुवात करायची आणि वेग हलक्या टोकाकडे सोपवत न्यायचा.

म्हणून वर्षानुवर्षं किक मारलेल्या माणसाला ठोसा शिकवणं जरा सोपं जातं, असं मला वाटतं. कंबर कधी फिरवायची हे त्याच्या अंगाला आधीच कळलेलं असतं. शरीराला खेळाचं नाव ठाऊक नसतं. त्याला फक्त कुठला स्नायू कुणाच्या मागून ओढायचा तेवढं ठाऊक असतं.

आणि ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते बरं का. स्वीडनचा झ्लाटन इब्राहिमोविच लहानपणी तायक्वांदो शिकला होता. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडविरुद्ध त्यानं गोलकडे पाठ असताना हवेत उडी मारून, डोक्यापेक्षा उंच लाथ घालून, लांबून गोल केला. तो गोल पाहिला की वाटतं, हा माणूस फुटबॉलच्या मैदानात चुकून आलेला आहे.

एका पायावरचा खेळ

किक मारताना तुम्ही किती पायांवर उभे असता? एका! फुटबॉल हा एका पायावर उभं राहण्याचा खेळ आहे. पळत असताना, वळताना, कुणी खांदा मारत असताना, भर पावसात चिखलात, क्षणभर एका पायावर तोल सावरायचा आणि दुसऱ्यानं काम करायचं.

उभे राहा बघू एका पायावर. सोपं आहे? आता डोळे मिटा. झाली ना डगमग सुरू? तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून बातम्या लागतात. डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या भागातल्या द्रव भरलेल्या नलिकांकडून आणि स्नायू-सांध्यांमधल्या चिमुकल्या संवेदकांकडून. डोळे मिटले की पहिली बातमी बंद, मग घोट्यावरची जबाबदारी वाढते. घोट्याकडे पाहा, तो सारखा बारीक बारीक हलत असेल. तुम्ही त्याला हलायला सांगितलंत का? नाही. मेंदूच्या मागच्या बाजूला असलेला छोटा मेंदू हे काम परस्पर उरकतो. खेळाडूंचं हे परस्पर उरकणं फार चांगलं झालेलं असतं.

आता तालमीत चला. कुस्तीतल्या डावांची नावं ऐका. आतली टांग, बाहेरची टांग, एकलांगी, पट काढणे. अर्धी कुस्ती समोरच्याचा पाय शोधण्यातच जाते! कारण कुठलीही वस्तू उभी कधी राहते? तिचा गुरुत्वमध्य तिच्या पायांच्या मधल्या जागेच्या वर असतो तोवर. दोन पाय फाकवून, गुडघे वाकवून उभं राहिलं की ती जागा मोठी होते आणि गुरुत्वमध्य खाली येतो. मग हलवून दाखवा! पण एक पाय उचलला गेला की ती जागा एका पावलाएवढी उरते. चांगला पैलवान याच क्षणाची वाट पाहत असतो.

म्हणजे बघा, फुटबॉलवाल्याची एका पायावर सावरण्याची सवय आखाड्यात उपयोगी पडते, कुणी पट काढला, म्हणजे एक पाय पकडून ओढला, तरी तो दुसऱ्या पायावर नाचत वाचू शकतो. पण हीच सवय घातकही आहे, कारण तो पाय उचलायला फार उत्सुक असतो. वस्तादाला त्याला पहिले काही महिने एकच सांगावं लागेल, "पाय जमिनीला ठेव रे!"

लांब पळणं आणि जोरात पळणं

मोठ्यांच्या नव्वद मिनिटांच्या सामन्यात फुटबॉलचा खेळाडू साधारण दहा-बारा किलोमीटर पळतो. हातकणंगल्याहून रुळाच्या कडेनं कोल्हापूरकडे निघालात तर जवळपास निम्मी वाट. (रुळाच्या कडेनं निघू नका, हे फक्त हिशेबासाठी!) लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांची बॉक्सिंगची लढत होती दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची. म्हणजे एकूण आठ मिनिटं. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांची, सहा मिनिटं. मैदानाचा आकार तर विचारूच नका. फुटबॉलचं मोठं मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. बॉक्सिंगच्या रिंगची दोऱ्यांच्या आतली बाजू जेमतेम सहा मीटरची. मी हिशेब करून पाहिला, क्षेत्रफळ धरलं तर एका मैदानात १९० हून जास्त रिंग मावतात!

तुम्ही म्हणाल, मग आठ मिनिटं म्हणजे काहीच नाही. असं म्हणणाऱ्यानं दोन मिनिटं न थांबता जागच्या जागी गुडघे छातीपर्यंत उचलत पळून दाखवावं आणि मग माझ्याशी बोलावं.

स्नायूंकडे ताबडतोब वापरायचा ऊर्जेचा एक छोटा साठा असतो, त्यात फॉस्फोक्रिएटिन नावाचं रसायन असतं. जीव तोडून काम केलं तर तो दहाएक सेकंदांत संपत येतो. मग स्नायू साखर ऑक्सिजनशिवाय फोडायला लागतात. तेही झटपट होतं, पण पाय जड पडतात, जळजळ होते. आणि तिसरी पद्धत सावकाशीची, ऑक्सिजन वापरून साखर आणि चरबी जाळायची. ती तासन्‌तास चालते.

बॉक्सर ठोशांची सरबत्ती करतो ती पहिल्या दोन पद्धतींवर. फुटबॉलपटूचं हृदय आणि फुप्फुसं घडलेली असतात मुख्यतः तिसरीवर. मग त्याचा उपयोग काय? गंमत इथे आहे. संपलेला फॉस्फोक्रिएटिनचा साठा पुन्हा भरायचा असेल तर ऑक्सिजन लागतो! दोन फेऱ्यांच्या मधल्या एका मिनिटात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बॉक्सर पाणी पितो तेव्हा, ज्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं त्याचे स्नायू लवकर भरून निघतात. लांब पळण्यानं हृदयाची ही ताकद वाढते. कुस्तीगीर पहाटे उठून रस्त्यानं का पळतात, हे आता कळलं?

लंडनमधली ती गर्दी

चला, लंडनला. ६ ऑगस्ट २०१२, उपांत्यपूर्व फेरी, ६० किलो वजनगट. केटी टेलरसमोर होती ब्रिटनची नताशा जोनास, घरच्या प्रेक्षकांची लाडकी. ही नताशा कोण माहीत आहे? लिव्हरपूलची मुलगी. ती फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत शिकायला गेली होती. गुडघा दुखावला, फुटबॉल सुटला, घरी परत आली आणि मग बॉक्सिंगकडे वळली. म्हणजे ऑलिंपिकच्या त्या रिंगमध्ये दोन्ही कोपऱ्यांत फुटबॉलवालीच उभी होती!

प्रेक्षकांचा आरडाओरडा इतका होता की मोजणाऱ्यांनी तो ११३ डेसिबलच्या पुढे मोजला. शाहू स्टेडियमवर अंतिम सामना पाहिलेल्यांना याची थोडी कल्पना येईल. केटी २६-१५ अशी जिंकली. मग उपांत्य फेरी जिंकली. ९ ऑगस्टला अंतिम लढतीत रशियाच्या सोफिया ओचिगावाविरुद्ध मात्र घासाघीस झाली. १०-८! फक्त दोन गुणांनी सुवर्णपदक.

त्याच स्पर्धेत, ५१ किलो गटात, आपल्या मणिपूरच्या मेरी कोमनं कांस्यपदक जिंकलं. शाळेत असताना तिचा ओढा मैदानी खेळांकडे होता, धावणं आणि भालाफेक. बॉक्सिंग त्यानंतर आलं. त्या वर्षी पदकं घेऊन उभ्या असलेल्या या मुली लहानपणी नक्की काय काय खेळत होत्या, याचीच एक मोठी यादी होईल.

केटी पुढे २०१६ मध्ये व्यावसायिक बॉक्सर झाली आणि १ जून २०१९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिनं आपल्या वजनगटातले सगळे महत्त्वाचे किताब एकत्र केले. २०२१ मध्ये तिची आणि नताशाची पुन्हा लढत झाली, तीही केटीनंच जिंकली. पण नताशा काही गप्प बसली नाही. पुढच्याच वर्षी तीही वरच्या वजनगटात जगज्जेती झाली.

जे विसरावं लागतं

आतापर्यंत सगळं गोड गोड सांगितलं. पण खेळ बदलला की काही गोष्टी विसराव्याही लागतात आणि शिकण्यापेक्षा विसरणं अवघड असतं.

फुटबॉलपटूचे हात बघा. चेंडूला लावायचे नाहीत म्हणून ते बाजूला, खाली लोंबत असतात, तोल सांभाळण्यापुरते पसरतात. बॉक्सिंगमध्ये खाली लोंबणारे हात म्हणजे हनुवटीला आमंत्रण! हात कायम गालाजवळ हवेत. दमल्यावर तर हमखास जुनी सवय वर येते आणि हात खाली जातात.

इंग्लंडच्या कर्टिस वुडहाउसनं हे विसरणं आणि नव्यानं शिकणं चांगल्या जाणत्या वयात केलं. शेफील्ड युनायटेड, बर्मिंगहॅम सिटी अशा संघांतून खेळलेला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातला खेळाडू. २००६ मध्ये, ऐन विशीत, त्यानं मोठ्या क्लबांचं फुटबॉल सोडलं आणि ग्लोव्हज चढवले. लोकांनी वेड्यात काढलं असेल तर नवल नाही. त्यानं अधूनमधून हारही खाल्ली. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये तो आपल्या वजनगटात ब्रिटनचा विजेता झाला. जवळजवळ आठ वर्षं लागली. केटी दोन्ही खेळ लहानपणापासून बरोबरीनं खेळत आली, कर्टिसनं एक संपवून दुसरा धरला. माझं मत विचाराल तर मला कर्टिसचंच जास्त कौतुक वाटतं, सव्वीस वर्षांच्या अंगाला नवी सवय लावणं खायचं काम नाही.

कधी कधी तर खेळाचं नाव तेच राहतं आणि तरी सगळं नव्यानं शिकावं लागतं. आपल्या खाशाबा जाधवांचंच बघा ना. साताऱ्याकडच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. तांबड्या मातीत वाढलेला हा पैलवान १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला आणि तिथे मातीच नव्हती! होती मॅट. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकवली की विषय संपला, चीतपट. तिथे घड्याळ, गुण, वेगळे नियम. मातीत पाऊल थोडं रुततं, सरकतं. मॅटवर बूट घालून उभं राहायचं, तिथे घर्षण निराळं, म्हणून पायाला मिळणारा जोरही निराळा. तरी ते सहावे आले. मग चार वर्षं मॅटचं तंत्र घोटलं. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि १९५२ मध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक! स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या गटात सुवर्ण कोणाला मिळालं? जपानच्या शोहाची इशीला. आणि हा इशी मूळचा ज्युदोवाला! दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर अमेरिकी अंमल असताना शाळा-कॉलेजांत ज्युदोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. खाशाबांच्या हाती ज्या दिवशी पदक आलं, त्या दिवशी सर्वांत वरच्या पायरीवर खेळ बदललेला माणूस उभा होता.

डोक्याचं काय?

एक गोष्ट मात्र गमतीत सांगून चालणार नाही. कवटीच्या आत मेंदू एका पातळ द्रवात तरंगत असतो. डोक्याला जोराचा फटका बसला की कवटी झटक्यात हलते किंवा थांबते आणि मेंदू आत हिंदकळतो. हेडगार्डनं कातडी फाटायची वाचते, हिंदकळणं पूर्ण थांबत नाही. फुटबॉलमध्येही ही काळजी घेतली जाते, अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानं चेंडू मारायलाच मनाई केली. म्हणून गल्लीत मित्राशी ठोसेबाजी करून पाहायची नाही. शिकायचं असेल तर शिकवणारा जाणता माणूस समोर हवा.

मला विचाराल तर मी कुस्तीच्या बाजूचा. तिथे डोक्यावर ठोसा मारायचाच नसतो. शिवाय तालमीतली माती! ती उकरून भुसभुशीत करतात, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालतात. अशा मातीवर पडलात तर अंग थांबायला क्षणभर जास्त वेळ मिळतो आणि थांबायला जितका वेळ जास्त तितका मार कमी. फरशीवर हा वेळ मिळत नाही.

पट्टीचा खेळ

आता तुम्हाला काम. फुटबॉलचा गोलरक्षक, बॉक्सर, पैलवान, या सगळ्यांचं जगणं ज्या एका गोष्टीवर अवलंबून आहे ती मोजू, डोळ्यांनी पाहिल्यापासून अंग हलेपर्यंतचा वेळ.

मित्राला तीस सेंटिमीटरची पट्टी उभी, वरच्या टोकाला धरायला सांगा. शून्याची बाजू खाली. तुमचा अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी, पट्टीला न लावता. मित्र न सांगता पट्टी सोडेल, तुम्ही चिमटीत पकडा. दहा सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला सुमारे ०.१४ सेकंद लागले. पंधरावर ०.१७, विसावर ०.२०, पंचविसावर ०.२३, तिसावर ०.२५. पट्टी पडण्याचा वेग पृथ्वी ठरवते, म्हणून घड्याळ लागतच नाही.

बहुतेकांची पट्टी पंधरा ते पंचवीसच्या मध्ये अडकते. आता हा हिशेब बघा. पेनल्टी किक अकरा मीटरवरून मारतात. चेंडू ताशी १०० किलोमीटरनं आला तर गोलपर्यंत यायला ०.४ सेकंद लागतात. त्यातले ०.२ तर गोलरक्षकाचे नुसते कळण्यात गेले! उरलेल्या वेळात कोपऱ्यापर्यंत झेप घेणं जवळजवळ अशक्य. म्हणून तो चेंडूची वाट पाहत नाही, मारणाऱ्याचा रोवलेला पाय आणि कंबर पाहून आधीच ठरवतो. रिंगमध्ये तर अंतर हातभरच, तिथे मुठीकडे पाहत बसणाऱ्याला ठोसा बसल्यावरच कळतो. म्हणून बॉक्सर समोरच्याच्या छाती-खांद्यांकडे पाहतो, पैलवान कंबर आणि पायांकडे.

हाताचं झालं, आता पायाचं. भिंतीजवळ टेबल ठेवून त्यावर पाय लांब करून बसा. टाच टेबलाच्या कडेवर, चवडा कडेबाहेर, भिंतीपासून बोटभर दूर. मित्रानं पट्टी भिंतीला टेकवून, शून्य तुमच्या पायाच्या अंगठ्यासमोर येईल अशी धरायची आणि सोडायची. तुम्ही चवड्यानं ती भिंतीवर दाबून अडवायची. हातापेक्षा पट्टी बरीच खाली जाईल. मेंदूचा निरोप मज्जातंतूंमधून सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगानं जातो आणि पाय हातापेक्षा लांब आहे, म्हणून एखाद-दुसरा शतांश सेकंद उशीर होतो. तेवढ्यात पट्टी दोन-चार सेंटिमीटर खाली घसरते. वर पाय जडही असतो, त्याला हलवायला वेळ लागतो.

वर्गात दोन गट करा, रोज फुटबॉल खेळणारे आणि तालमीत जाणारे. प्रत्येकानं हातानं दहा वेळा, पायानं दहा वेळा पट्टी पकडायची, आकडे वहीत लिहायचे, सरासरी काढायची. फुटबॉलवाल्यांचे पाय पैलवानांपेक्षा खरंच चपळ निघतात का? की पहिल्या दोन-चार वेळांनंतर दोघंही सारखेच शिकतात? मुलींची आणि मुलांची सरासरी वेगळी काढायला विसरू नका. आणि पट्टी प्लास्टिकची घ्या. स्टीलची पायाच्या अंगठ्यावर आदळली, की मोजमाप तिथेच थांबतं आणि नाच सुरू होतो.